डोरेमॉनचा आवाज माणसाकडून माणसाकडेच जाऊ दे

२०२४ च्या ऑक्टोबरमधे जपानमधून दोन बातम्या पाठोपाठ आल्या आणि माझ्या मते त्या एकत्रच वाचायला हव्या होत्या. पहिली म्हणजे नोबुयो ओयामा गेल्या. २९ सप्टेंबरला, वयाच्या ९० व्या वर्षी, बातमी बाहेर आली ११ ऑक्टोबरला. १९७९ ते २००५ अशी सलग २६ वर्षं जपानच्या टीव्हीवर कार्टूनमधला डोरेमॉन जो बोलायचा तो या बाईंच्या आवाजात बोलायचा. दुसरी बातमी अशी की त्याच महिन्यात तिथल्या नावाजलेल्या आवाज कलाकारांनी एकत्र येऊन मोहीम उघडली, आम्हाला न विचारता आमचे आवाज एआयमधे घालून वापरू नका म्हणून. पहिल्या बातमीवर सगळे हळहळले, दुसरी टेक्नॉलॉजीची बातमी म्हणून बाजूला पडली. आणि हळहळणाऱ्यांपैकीच कितीतरी जण अगदी प्रेमाने म्हणतात की आता एआय आहे ना, बाईंचे २६ वर्षांचे एपिसोड आहेत, ते मशीनला ऐकवा आणि जुना डोरेमॉन परत आणा.

मला हे अजिबात पटत नाही. यामागचं प्रेम मला कळतं, पण ही मागणी चुकीची आहे आणि ती का चुकीची आहे हे समजायला ओयामाबाईंचं करिअरच बघायला हवं.

ओयामाबाईंचा जन्म १९३३ चा, टोकियोतल्या शिबुयाचा. आवाज लहानपणापासून जाडा, घोगरा. शाळेत पोरं त्या आवाजावरून चिडवायची, मग ही मुलगी बोलणंच टाळायला लागली. तेव्हा त्यांच्या आईने काय केलं तर सांगितलं की आवाज लपवत बसलीस तर तो अजून खराब होईल, उलट जिथे आवाज वापरावा लागतो तिथेच जा. मग शाळेत नाटक-रेडिओ असल्या गोष्टींमधे शिरल्या, पुढे हाइयूझा या मोठ्या नाट्यसंस्थेच्या अभिनय शाळेत रीतसर शिकल्या, आणि १९५७ मधे लॅसी या अमेरिकन मालिकेच्या जपानी डबिंगमधून आवाजाच्या कामाला सुरुवात केली. १९६० मधे एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर तीन डुकरांच्या पिल्लांचा पपेट शो आला त्यात बू हे पिल्लू त्यांचं. साझाए-सान ही मालिका १९६९ ला सुरू झाली आणि आजही चालू आहे, त्यातल्या कात्सुओ या मुलाचा अगदी पहिला आवाज काही महिने त्यांचाच होता. म्हणजे डोरेमॉन मिळाला तेव्हा बाई ४५ वर्षांच्या होत्या आणि पाठीशी वीस-बावीस वर्षांचं काम होतं. हे मुद्दाम सांगतोय कारण "तिला देवाने आवाजच तसा दिला होता" हे वाक्य लोक फार सहज बोलतात. देवाने दिलेल्या त्याच आवाजाची लहानपणी टिंगल झाली होती. टिंगल होणाऱ्या आवाजाचा लाडका आवाज कसा झाला तो सगळा भाग कष्टाचा आणि डोक्याचा आहे.

बरं, डोरेमॉन टीव्हीवर पहिल्यांदा आला तो १९७९ मधे नाही. १९७३ मधे निप्पॉन टीव्हीवर एक मालिका आली होती, सहा महिन्यांत बंद पडली. त्यात आधी कोसेइ तोमिता या पुरुष कलाकाराने आवाज दिला आणि मग मासाको नोझावा यांनी, त्याच नोझावा ज्या पुढे ड्रॅगन बॉलच्या गोकूचा आवाज म्हणून जगभर गाजल्या. दोघंही मोठे कलाकार, तरी तो डोरेमॉन लोकांच्या मनात बसला नाही. मग १९७९ च्या एप्रिलमधे टीव्ही आसाहीवर नवी मालिका सुरू झाली आणि ओयामाबाईंनी एक विचार केला जो मला त्यांच्या सगळ्या करिअरमधला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या की हा भविष्यातून आलेला, मुलाला सांभाळायला पाठवलेला रोबो आहे, म्हणजे हा घाणेरडं बोलणार नाही, शिव्या देणार नाही. मग स्क्रिप्टमधे तसले शब्द आले की त्या ते बदलून बोलायच्या, आणि हळूहळू बाकीच्या पात्रांच्या बोलण्यावरही त्याचा परिणाम झाला. मूळ कॉमिक्सचे लेखक फुजिको एफ. फुजिओ यांनी तो आवाज ऐकून म्हणल्याचं सांगतात की अच्छा, डोरेमॉनचा आवाज असा होता होय. ज्याने पात्र जन्माला घातलं त्यालाच त्याचा आवाज एका कलाकारामुळे कळला!

आता मला सांगा, "हा शब्द डोरेमॉन बोलणार नाही" हा निर्णय कुठल्या मशीनला घेता येणार आहे? मशीनला जुने एपिसोड ऐकवले तर त्यात शिव्या नाहीत हे त्याला कळेल, पण का नाहीत ते कळणार नाही, आणि उद्या एखादा प्रोड्युसर नवं स्क्रिप्ट टाकेल तेव्हा ते मशीन जे टाकलंय ते मुकाट बोलेल, नाही म्हणणार नाही. ओयामाबाई नाही म्हणायच्या.

जपानमधे हे काम कसं चालतं तेही थोडं बघण्यासारखं आहे. एक खोली, समोर स्क्रीन, स्क्रीनसमोर तीन-चार माइक आणि कलाकार मात्र आठ-दहा. सगळे मागच्या भिंतीला लागून बसलेले, हातात स्क्रिप्ट. आपलं वाक्य जवळ आलं की उठायचं, मोकळ्या माइकपुढे जाऊन उभं राहायचं, समोरच्या पात्राचं तोंड हललं की बोलायचं आणि पुढच्याला जागा देत मागे सरकायचं. हे सगळं आवाज न करता, पान उलटताना कागद सुद्धा वाजता कामा नये, कपडे सुद्धा सळसळणारे चालत नाहीत. नोबिता (डोरेमॉन ज्याला सांभाळतो तो मुलगा) रडत आला की डोरेमॉन त्याला कुठल्या सुरात उत्तर देणार हे शेजारच्या माइकवर नोबिताचं काम करणाऱ्या नोरिको ओहारा त्या दिवशी कशा रडल्या त्यावर ठरायचं. या दोघी २६ वर्षं अशा शेजारी उभ्या राहिल्या. (ओहारा सुद्धा २०२४ मधेच गेल्या, जुलैमधे.) जियानचा आवाज काझुया तातेकाबे, सुनिओचा कानेता किमोत्सुकी, शिझुकाचा मिचिको नोमुरा, ही पाच माणसं मिळून तो आवाज होता असं म्हणलं तरी चालेल. यातून एका बाईचा ट्रॅक वेगळा काढून "हा घ्या ओयामांचा आवाज" म्हणणं मला पटतच नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की सगळी जादू गळ्यात होती त्यांच्यासाठी मोनोकुमाचं उदाहरण. २०१० मधे डांगनरोनपा नावाचा गेम आला, शाळेतली मुलं एकमेकांचे खून करतात आणि त्यांना तसं करायला लावणारं एक काळं-पांढरं अस्वल असतं, मोनोकुमा. अत्यंत क्रूर पात्र. त्याला आवाज कुणाचा? ओयामाबाईंचा! बाई तेव्हा ७७ वर्षांच्या. गळा तोच, घोगरेपणा तोच, आणि ज्या आवाजाने दोन पिढ्यांना धीर दिला तोच आवाज ऐकून अंगावर काटा येतो. म्हणजे मुलांना जवळचं वाटणारं जे काही होतं ते गळ्यातल्या तारांमधे नव्हतं, ते बाई ठरवून आणत होत्या आणि ठरवून काढूनही घेऊ शकत होत्या. एआय गळ्याची नक्कल करतं, या ठरवण्याची करत नाही.

लोकप्रियता पण केवढी होती आणि किती वेगवेगळ्या प्रकारची. बाईंचं स्वयंपाकाचं पुस्तक तिथे तुफान खपलं, आर्कनॉइड या व्हिडिओ गेममधे त्या इतक्या तरबेज होत्या की त्याची गेमवाल्यांमधे वेगळी ख्याती होती, नकलाकारांच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांची "मी डोरेमॉन" ही ओळ असायचीच. नकला झाल्याचं त्यांना कधी नुकसान झालं नाही, कारण नकलाकार समोर उभा राहतो, त्याचं स्वतःचं नाव असतं आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं की ही नक्कल आहे.

आता २००५. ओयामाबाईंना २००१ मधे कॅन्सर झाला होता, बाकीचे कलाकारही साठी-सत्तरीत पोचलेले, आणि मग पाचही मुख्य आवाज एकदम बदलायचं ठरलं. मार्च २००५ मधे जुन्या टीमचा शेवटचा भाग झाला, एप्रिलमधे वासाबी मिझुता डोरेमॉन म्हणून आल्या. तेव्हा तिथे प्रचंड नाराजी झाली. हा आमचा डोरेमॉनच नाही असं लोक म्हणायचे, मिझुतांना ते सगळं ऐकून घ्यावं लागलं आणि त्या काम करत राहिल्या. त्यांनी ओयामांची नक्कल केली नाही, आवाज थोडा हलका, थोडा जास्त खेळकर ठेवला. २०२५ मधे त्यांना वीस वर्षं झाली, आज जपानमधे कॉलेजात असलेल्या मुलांसाठी डोरेमॉनचा आवाज म्हणजे मिझुताच, ओयामा त्यांना आईवडिलांकडून कळतात.

समजा २००५ मधे आजचं एआय असतं. चॅनलने सोपा रस्ता घेतला असता, प्रेक्षक नाराज नाहीत, नव्या कलाकाराला पैसे नाहीत, ओयामांचा आवाज पुढची पन्नास वर्षं तसाच. आणि मिझुता झाल्याच नसत्या. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. आपण "जुना आवाज परत आणा" म्हणतो तेव्हा गेलेल्या माणसाचं भलं होत नाही, पण जे अजून आलेलंच नाही त्या माणसाची जागा आपण बंद करून टाकतो. चिबी मारुको-चान या जपानी कार्टून मालिकेचं बघा, ताराको यांनी १९९० पासून मारुकोला आवाज दिला, त्या मार्च २०२४ मधे अचानक गेल्या, आणि एप्रिलमधे कोकोरो किकुची यांनी ते काम हातात घेतलं. याच ताराको यांनी ओयामाबाईंचा मोनोकुमा पुढे चालवला होता. म्हणजे एक बाई दुसरीकडून घेते, तिच्याकडून तिसरी, आणि प्रत्येक जण त्यात आपलं काहीतरी घालते. घराणं असंच चालतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट अजून आहे जी बोलायला जड जाते. ओयामाबाईंना २००८ मधे मेंदूचा झटका आला, पुढे डिमेन्शियाचं निदान झालं, आणि २०१५ च्या मे महिन्यात त्यांचे पती केइसुके सागावा यांनी रेडिओवर ते जाहीर केलं. सागावा २०१७ मधे गेले, त्यानंतर बाई सात वर्षं होत्या. आता कंपन्या म्हणतात की आम्ही संमती घेऊनच आवाज वापरतो. अशा अवस्थेतल्या माणसाच्या संमतीला काय अर्थ आहे? आणि त्याआधीची म्हणाल तर १९७९ मधे कामाला होकार देताना समोरच्याला माहीत तरी होतं का की पंचेचाळीस वर्षांनी आपल्या जुन्या रेकॉर्डिंगमधून आपण कधीच न बोललेली वाक्यं तयार करता येतील? जी गोष्ट अस्तित्वातच नव्हती तिला त्यांनी होकार दिला असं कसं धरायचं?

मग लोक म्हणतात घरच्यांना विचारा. आपल्याकडे हे झालंय. २०२४ च्या सुरुवातीला ए. आर. रहमान यांनी लाल सलाम या तमिळ सिनेमातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, घरच्यांची परवानगी घेऊन आणि पैसे देऊन. रहमान यांनी प्रामाणिकपणे केलं, लपवलं नाही, हे मान्य. दुसरीकडे त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा आवाज एका तेलुगू सिनेमात न विचारता असा वापरला म्हणून त्यांच्या मुलाने, एस. पी. चरण यांनी कायदेशीर नोटीस पाठवली. या दोन्हीत मी रहमान यांच्या बाजूला जास्त झुकेन, तरी मला तोही रस्ता पूर्ण बरोबर वाटत नाही. घर, दागिने, रॉयल्टी वारसाला मिळते ते ठीक आहे, पण आईने हे वाक्य बोललं असतं की नसतं हे मुलाला कसं ठरवता येणार? जुनी रेकॉर्डिंग दाखवा, परत परत दाखवा, घरच्यांना त्याचे पैसे द्या. नवीन वाक्य तोंडी घालू नका.

आता आपल्याकडचं. आपल्या बहुतेक पोरांनी डोरेमॉन हिंदीत पाहिला, आणि तो हिंदी डोरेमॉन कितीतरी वर्षं सोनल कौशल यांचा आवाज होता, काम सुरू केलं तेव्हा त्या स्वतः शाळेत होत्या. ओयामा हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत नसेल तर समजू शकतो, पण सोनल कौशल हे नाव तरी किती आयांना माहीत आहे, घरात रोज दोन तास तो आवाज चालू असताना? मुंबईत हे काम अजून एकट्याने होतं, बंद बूथमधे एक कलाकार, कानात हेडफोन, समोर छोटा स्क्रीन, लूप म्हणजे दृश्याचा छोटा तुकडा सुरू होतो, बोलायचं, परत मागे, परत बोलायचं, शेजारी नोबिता नसतोच, त्याचा ट्रॅक असला तर असला नाहीतर अंदाजाने. शेवटी पाट्या सरकतात त्यात डबिंगवाल्यांची नावं बऱ्याचदा नसतात.

आणि म्हणून कोर्टाचा आधार या लोकांना पोचत नाही. मुंबई हायकोर्टाने जुलै २०२४ मधे अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना रोखलं, २०२५ मधे आशा भोसले यांच्या बाजूनेही तसाच आदेश दिला. फार चांगलं झालं, याचा आनंदच आहे. पण या दोन्ही आदेशांचा पाया हा आहे की माणूस प्रसिद्ध आहे, त्याच्या आवाजाला बाजारात ओळख आहे. ज्या बाईचा आवाज लाखो घरांत ओळखीचा आहे पण नाव कुणालाच माहीत नाही तिने कोर्टात कशाच्या जोरावर उभं राहायचं? पाटीवर नाव नाही तर प्रसिद्धी नाही, प्रसिद्धी नाही तर हक्क सिद्ध करणं अवघड. म्हणून मला वाटतं आपल्याकडची पहिली मागणी कायद्याच्याही आधी नावाची असायला हवी, प्रत्येक डब केलेल्या भागाखाली प्रत्येक आवाजाचं नाव.

माझ्या विरोधात एक मुद्दा आहे जो मला खरंच वजनदार वाटतो. मराठीत डबिंग कमी होतं कारण परवडत नाही, एआयने ते स्वस्त झालं तर आपल्या पोरांना जगातलं सगळं मराठीत बघायला मिळेल, मग तुम्ही भाषेच्या आड का येता? मी यावर बराच विचार केलाय. मराठीत जास्त गोष्टी याव्यात हे मला कुणाहीपेक्षा जास्त वाटतं. पण ज्या भाषेत एकांकिका स्पर्धांना दरवर्षी महाराष्ट्रभरातून पोरं येतात, ज्यांच्या आवाजाला ऑडिटोरियमच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय आहे, त्या भाषेत आवाज कमी पडत नाहीत, पैसे द्यायची तयारी कमी पडते. आणि स्वस्त एआय डबिंग एकदा आलं की ती तयारी वाढणार नाही, उरलीसुरली पण जाईल. शिवाय मुलं भाषा अशीच शिकतात, ऐकून. पात्र रुसलं की मराठीत कसं बोलतं, लाडात आलं की कसं बोलतं हे त्यांना माणसाकडून ऐकू दे, नाहीतर छापील मराठी सरळ सुरात वाचणारं मशीन हेच त्यांचं मराठी होऊन बसेल.

जपानमधे तरी सगळं आलबेल आहे असं नाही. तिथे रँकची पद्धत आहे, नवख्या कलाकाराला अर्ध्या तासाच्या एका भागाचे १५,००० येन, मग त्यात एक वाक्य असो नाहीतर शंभर, आणि त्यातून एजन्सी आपला वाटा कापते. बाहेरून आवाज कलाकारांच्या कार्यक्रमांना स्टेडियम भरलेलं दिसतं, आत मोठा वर्ग दुसरं काहीतरी काम करून भाडं भरतो. जे काही थोडंफार मिळालं ते भांडून मिळालं. १९७३ च्या ऑगस्टमधे हे लोक टोकियोत रस्त्यावर उतरले होते, कामाचे दर वाढवा आणि तोच कार्यक्रम पुन्हा दाखवला तर त्याचेही पैसे द्या म्हणून, आणि दर जवळपास तिप्पट झाले. पुन्हा दाखवण्याचे पैसे, ही मागणी आज परत वाचा. रेकॉर्डिंग एकदा झालं पण त्यातून कमाई दहा वेळा होणार असेल तर दहा वेळा वाटा द्या, इतकं साधं. एआयला आवाज शिकवणं म्हणजे त्याच रेकॉर्डिंगमधून अगणित वेळा कमाई, आणि वाटा शून्य.

मी सरसकट एआयच्या विरोधात नाही. ऑक्टोबर २०२४ मधेच आओनी प्रोडक्शन या मोठ्या एजन्सीने कोएफॉन्ट कंपनीबरोबर करार केला, मासाको नोझावा यांच्यासह दहा कलाकारांचे एआय आवाज नेव्हिगेशन, व्हॉइस असिस्टंट असल्या कामांसाठी द्यायचा, पण अभिनयासाठी नाही असं स्पष्ट सांगून. कलाकार जिवंत, शुद्धीत, स्वतः होकार देणारे, आणि काय करायचं नाही याची रेघ आधीच मारलेली. नोव्हेंबरमधे तिथल्या कलाकारांच्या आणि एजन्सींच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढलं त्यातही हेच, ॲनिमे (जपानी कार्टून) आणि परदेशी सिनेमांच्या डबिंगला एआय नको, बाकी ठिकाणी विचारून वापरा आणि एआय आहे हे लिहा. मुंबईतल्या आणि पुण्यातल्या स्टुडिओंनी हे जसंच्या तसं घ्यायला काय हरकत आहे? कारण आज इथे बूथमधे उभ्या असलेल्या पोरींपुढे जो करार ठेवला जातो त्यात "सर्व माध्यमांत, सर्व प्रकारे, कायमस्वरूपी" असं एक वाक्य असतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि तासाभराच्या कामाची घाई असते म्हणून सही होते. त्या वाक्याखाली एक ओळ वाढवा, या रेकॉर्डिंगवरून आवाजाची एआय नक्कल तयार करायची असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे, आणि कलाकार गेल्यावर ही परवानगी संपते. असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया ही संघटना आपल्याकडे आहे, तिच्यामागे प्रेक्षक म्हणून आपण उभं राहिलो तर ही ओळ येऊ शकते, आणि नवीन काम सुरू करणाऱ्या मुलीला ती सही करायच्या आधी वाचायला मिळाली पाहिजे, मराठीत.